'ख्रिस्ती देवाचं प्रेम फक्त आपल्याच माणसांपुरतं' या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात गावाच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच शाळेच्या जुन्या ग्रुपवर फिरून पुन्हा माझ्याकडे आला. मथळा होता, 'ख्रिस्ती देव सगळ्यांवर प्रेम करतो? साफ खोटं! हे घ्या पाच पुरावे.' पुरावे असे: बायबलमध्येच देव म्हणतो, मी याकोबावर प्रीती केली आणि एसावाचा द्वेष केला. 'जगावर प्रीती' यातलं जग म्हणजे फक्त विश्वास ठेवणारे. प्रोटेस्टंट तर मानतात की काही माणसं देवाने नरकासाठीच निवडली आहेत. प्रेम असतं तर नरक कशाला? आणि शेवटचा, चर्चच्या बाहेर तारण नाही, म्हणजे बाहेरच्यांवर प्रेमही नाही. हे लोक प्रार्थनाही फक्त आपल्याच माणसांसाठी करतात.

मी वसईचा. निर्मळच्या बाजूला आमची केळीची वाडी. मेसेज पाठवणारा माझ्या वर्गातला. गणपतीला मी त्याच्याकडे जेवतो, नाताळला तो आमच्याकडे. त्याने तो पुरता न वाचताच पुढे ढकलला असणार. मला लागलं ते वेगळंच. आमच्याच चर्चमधल्या एका तरुण पोराने खाली लिहिलं, 'बरोबर आहे. देव पाप्यांवर प्रेम करत नाही.' बाहेरच्याने केलेला आरोप घरातल्याने अभिमानाने अंगावर घेतला. म्हणून हे उत्तर दोघांनाही आहे.

एसावापासून सुरुवात करतो, कारण पाचांत वजनदार पुरावा तोच आहे. याकोब आणि एसाव हे बायबलमधले जुळे भाऊ. वाक्य खरं आहे. ते मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात येतं आणि येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात ते पुन्हा दिलं आहे. पण मलाखी एसावानंतर कितीतरी शतकांनी झाला. तो दोन भावांबद्दल बोलतच नाही, त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इस्राएल आणि अदोम या दोन राष्ट्रांबद्दल बोलतो. अदोमाबद्दलच बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की अदोमी माणसाचा तिरस्कार करू नकोस, तो तुझा भाऊ आहे. ही ओळ मेसेजमध्ये नाही.

'द्वेष' हा शब्दही नीट पाहायला हवा. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायात, याकोबाच्या दोन बायकांपैकी राहेलीवर त्याचं लेआपेक्षा जास्त प्रेम होतं असं लिहिलंय. लगेच पुढच्या ओवीत लेआसाठी मूळ हिब्रूत द्वेषाचाच शब्द आहे. म्हणजे दोघांत एकीला पुढे केलं की दुसरीसाठी हा शब्द वापरायची त्या भाषेची रीत होती. येशूही लूकच्या शुभवर्तमानात आईबापांचा 'द्वेष' करायला सांगतो. मत्तय तेच वचन 'माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करणारा' असं देतो. आणि त्या नकोशा लेआकडे देवाने पाहिलं, तिची कूस उजवली. तिच्याच यहूदाच्या वंशात पुढे येशू जन्मला.

आता खुद्द एसाव. भावाने फसवून आशीर्वाद लाटलेला हा माणूस. वीस वर्षं परमुलखात काढून याकोब परत येतो तेव्हा त्याला भीती असते की एसाव आपल्याला कापून काढेल. एसाव चारशे माणसं घेऊन येतो खरा, पण भाऊ दिसताच धावत सुटतो, गळ्यात पडतो, मुके घेतो, दोघेही रडतात. आणि याकोब त्याला म्हणतो, तुझं तोंड पाहणं म्हणजे देवाचं तोंड पाहण्यासारखं आहे. ज्याचा देवाने द्वेष केला असं आपण सांगत सुटलोय, त्याच्याच चेहऱ्यात बायबल देवाचा चेहरा दाखवतं. उत्पत्ती, तेहतिसावा अध्याय. उघडून वाचा.

पौलाचं म्हणणंही नवव्या अध्यायात संपत नाही. नऊ, दहा, अकरा असे तीन अध्याय तो हा एकच गुंता सोडवतो आहे, आणि अकराव्याच्या शेवटाकडे म्हणतो की देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं ते सगळ्यांवर दया करावी म्हणून. मधलं एक वाक्य उचलून निकाल लावणं म्हणजे कीर्तनातला पूर्वरंग ऐकून उठून जाणं. आणि आमच्या त्या पोराला सांगतो, पाचवं स्तोत्र मलाही ठाऊक आहे. देवाला दुष्कर्म्यांचा तिटकारा आहे असं तिथे लिहिलंय, आणि ते छळ सोसणाऱ्या माणसाचं गाऱ्हाणं आहे. पण 145वं स्तोत्र म्हणतं, परमेश्वर सगळ्यांना चांगला आहे, त्याने घडवलेल्या सगळ्यावर त्याची करुणा आहे. आणि त्याच रोमकरांच्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. पापी सुधारल्यावर नव्हे.

'जगावर प्रीती'चा मुद्दा लवकर संपतो. 'देवाने जगावर प्रीती केली' हे वाक्य योहानाच्या शुभवर्तमानातलं. त्याने 'जग' लिहिलं, 'आपली मंडळी' लिहिलं नाही. कोण तरणार हे देवाने आधीच निवडलंय, या निवडीच्या सिद्धान्तासाठी ज्याचं नाव घेतात त्या सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विननेही या ओवीवर लिहिताना म्हटलंय की हा सर्वांना कवेत घेणारा शब्द सगळ्यांना बोलावण्यासाठीच योजलाय. पण हट्टाने कोणी अर्थ आखूड करतच असेल, तर त्याने आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या लोकांना चटकन कळणाऱ्या दोन गोष्टी वाचाव्यात. दोन्हींत यापो बंदर आहे. याच बंदरातून योना हा संदेष्टा गलबतात बसून पळाला, कारण परक्या, क्रूर निनवे शहरावर देव दया करेल ही त्याला भीती होती. झालंही तसंच. देव त्याला विचारतो, या शहरात 1,20,000हून जास्त अजाण माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, मी त्यांची कीव करू नको का? गुरांचीसुद्धा! त्याच यापोत समुद्राकाठी, कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी येशूचा शिष्य पेत्र उतरला होता तेव्हा त्याला परक्या रोमन अधिकाऱ्याचं बोलावणं आलं. त्या अधिकाऱ्याच्या घरात उभा राहून पेत्र कबूल करतो की देव पक्षपाती नाही, हे मला आता कळलं.

निवडीचा सिद्धान्त आहे, तो मी लपवणार नाही. खुद्द कॅल्विनने त्याला भयावह निर्णय म्हटलं होतं. पण 'प्रोटेस्टंट मानतात' हे सरसकट विधान चुकीचं आहे. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने 1739 साली याच सिद्धान्ताविरुद्ध भर प्रवचनातून तोफ डागली. हॉलंडमधल्या ज्या डॉर्टच्या धर्मसभेने 1618-19 मध्ये निवडीचा सिद्धान्त पक्का केला, तिनेही लिहिलं की ख्रिस्ताचं मरण साऱ्या जगाच्या पापांसाठी पुरून उरेल एवढं आहे. आणि आपल्या कोकणातलं पाहा. वेंगुर्ल्यात मिशनचा दवाखाना उभा केला तो अमेरिकन प्रेस्बिटेरियनांनी, म्हणजे कॅल्विनच्याच परंपरेतल्या लोकांनी. त्यांच्या चर्चने 1903 साली आपल्या विश्वासनाम्याला जोड दिली की देवाच्या निवडीचा अर्थ लावताना त्याची सर्व मानवजातीवरची प्रीती धरूनच तो लावायचा. वेंगुर्ल्यात औषधं देणारे डॉक्टर ही जोड दिलेल्या चर्चकडून आले होते.

नरकाबद्दल ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. पण नरकात गेलेल्यावर देवाचं प्रेम उरत नाही, हे मत मला सातव्या शतकातल्या इसहाकाइतकं ठामपणे कोणी खोडलेलं दिसलं नाही. निनवेचा हा बिशप जन्मला त्या कतारच्या भागात, जिथे आज आपली पोरं नोकरीला जातात. तो म्हणतो, नरकातले पापी देवाच्या प्रेमाला मुकले असं समजणं चूक आहे. त्यांना जे फटके बसतात ते प्रेमाचेच असतात. ज्याने जिवाभावाच्या माणसाला दगा देऊन पुढे त्याच्याच नजरेला नजर दिली असेल, त्याला हे समजावून सांगायला नको. कॅथलिक धर्मशिक्षणाचं पुस्तक तर एका ओळीत सांगतं की देव कोणालाही नरकासाठी नेमत नाही.

राहिला चर्चबाहेरच्यांचा मुद्दा. इथे आमच्या बाजूने कबुली द्यायला हवी. 'चर्चबाहेर तारण नाही' हे कार्थेजचा बिशप सिप्रियन याने तिसऱ्या शतकात लिहिलं ते चर्चमधून फुटलेल्या गटांशी वाद चालू असताना. पण 1442 साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने तेच सगळ्या बिगरख्रिस्त्यांना कठोरपणे लावलं. गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं ते 1812 पर्यंत, आणि वसई 1739 पर्यंत त्याच पोर्तुगीजांच्या हाती होती. ते दुःख आजही माणसांच्या बोलण्यात आहे. माझ्या मित्राने ते काढलं तर मी मान खाली घालून ऐकेन.

तरी 'बाहेरच्यांवर प्रेम नाही' ही चर्चची शिकवण नाही, आणि हे कालपरवाचं मवाळ धोरणही नाही. ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला असं म्हणणं चूक आहे, हे मत रोमने, म्हणजे पोपने, 1653 साली धिक्कारलं. चर्चबाहेर कृपा मिळतच नाही, हे वाक्य 1713 साली धिक्कारलं. अमेरिकेत फादर लेनर्ड फीनी 'बाहेरचे सगळे बुडाले' असं शिकवू लागले तेव्हा 1949 साली रोमने तो अर्थ नाकारला. ते बधले नाहीत आणि 1953 साली आज्ञाभंगाबद्दल बहिष्कृत झाले. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने तर 1964 साली लिहिलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला धरून चालतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.

आणि 'प्रार्थना फक्त आपल्याच माणसांसाठी' हे तर डोळ्यांनी तपासता येतं. गुड फ्रायडेच्या विधीत दहा महाप्रार्थना असतात. माझी आजी गुडघे दुखत असतानाही प्रत्येक प्रार्थनेला फरशीवर टेकायची. पुढच्या बाकाची कड धरून उठायची, परत टेकायची. सहावी प्रार्थना यहुदी लोकांसाठी. तिच्यात त्यांना 'अविश्वासू' म्हणणारा शब्द 1959पर्यंत होता, पोप तेविसावे जॉन यांनी तो काढला. सातवी ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठी. आठवी देवच न मानणाऱ्यांसाठी. आजी आठवीला बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ टेकलेली असायची, आणि मी लहान असताना विचारलं तर म्हणायची, त्यांच्यासाठी दुसरं कोण मागणार?

मित्रा, येत्या गुड फ्रायडेला दुपारी तीनच्या आधी ये, मागच्या दारापाशी जागा धरून ठेवतो. विधी लांबतो आणि उकडतं फार, पाण्याची बाटली आण. सातवी प्रार्थना सुरू झाली की तुला खूण करेन.