आधी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा, केबलचं नंतर बघू

आज सकाळी एक फोटो समोर आला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. एका गृहस्थांनी नवे स्पीकर घेतलेत. चांगले, कमरेच्याही वर येणारे टॉवर. त्यातला एक खोलीच्या कोपऱ्यात कोंबलाय, दुसरा कपाटाच्या आडोशाला, निम्मा पडद्यामागे. सोफा समोरच्या भिंतीला चिकटलेला. आणि प्रश्न असा: बेस (खालचे, जाड स्वर) घुमतोय, गाणाऱ्याचा आवाज दबलाय, काय करू?

खाली उत्तरांची रांग. केबल बदला. डॅक (डिजिटल गाण्याचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) घ्या. अ‍ॅम्प (सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारं यंत्र) कमी पडतोय. शंभर तास वाजू द्या, मग 'उघडतील'. इतक्या जाणकारांत एकालाही सुचू नये की बाबा, तो स्पीकर आधी कोपऱ्यातून बाहेर ओढ?

कोपऱ्यात काय होतं ते सांगतो. दोन भिंती आणि जमीन, असे तीन पृष्ठभाग स्पीकरला खेटतात आणि प्रत्येक पृष्ठभाग खालच्या स्वरांना जोर देतो; हिशेबाने ६ डेसिबलपर्यंत. शिवाय खोलीचे स्वतःचे स्वर असतात, ज्यांवर ती घुमते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. खोली ४ मीटर लांब असेल तर उत्तर येतं ४३ हर्ट्झ (सेकंदाला ४३ कंपनं), मग त्याच्या पटीत ८६, १२९. हे स्वर भिंतीपाशी सर्वात मोठे ऐकू येतात. म्हणजे स्पीकर एका भिंतीच्या कोपऱ्यात आणि डोकं समोरच्या भिंतीला टेकलेलं, ही खोली घुमवायची रामबाण युक्ती आहे. यात केबलने काय करावं अशी अपेक्षा आहे?

खोलीच्या बरोबर मधोमध बसलात तर उलटं होतं, तो ४३ हर्ट्झचा स्वर जवळपास गायब होतो. म्हणून सुरुवातीला भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरावर डोकं ठेवून बघतात. हा काही देवाने दिलेला आकडा नाही. तिथून पुढे-मागे सरकत ऐकायचं. सोफा अर्धा मीटर जरी पुढे आला तरी पुष्कळ घुमणं उतरतं.

स्पीकरमागच्या भिंतीचं प्रकरण वेगळंच. वूफरपासून (स्पीकरमधला खालचे स्वर वाजवणारा भाग) ती १ मीटरवर असेल तर भिंतीवर आपटून परत आलेला आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाच्या विरुद्ध उभा राहतो आणि तिथे खड्डा पडतो. अंतर कमी केलं की खड्डा वरच्या स्वरांकडे सरकतो, वाढवलं की खालच्या. त्यामुळे 'भिंतीपासून अमुक इतकं ठेवा' असं ठणकावून सांगणाऱ्याने तुमची खोली पाहिलेली नसते. टेप घ्या, जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करा, १० सेंटिमीटरच्या टप्प्याने हलवा. बेस गिटारचा किंवा डग्ग्याचा प्रत्येक स्वर वेगळा आणि सारख्या वजनाचा ऐकू यायला लागला की थांबा.

मग त्रिकोण. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या डोक्यापर्यंतचं अंतर साधारण सारखं हवं. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला. डाव्या-उजव्या अंतरात ५ सेंटिमीटरचाही फरक नको, नाहीतर गाणारा जवळच्या स्पीकरकडे सरकतो. स्पीकर थोडे आत वळवा, इतके की त्यांची रेघ तुमच्या खांद्यांच्या किंचित मागे एकत्र येईल. तिथून वळण कमी-जास्त करत आवाजाची धार जमवता येते. ट्वीटरच टोचणारा असेल तर वळण कमी करा, काम होतं.

आणि गाणाऱ्याचा आवाज दबलाय म्हणणाऱ्याने सर्वात आधी वायर बघावी. केबलची जात नव्हे हो, लाल-काळं! एका बाजूची टोकं उलटी लागली असतील तर एक वूफर पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, बेस एकमेकांना खाऊन टाकतो, आणि मधोमध उभा राहायचा तो आवाज खोलीभर पसरून कुठूनच येत नाही असा वाटतो. मोनो रेकॉर्डिंग (दोन्ही स्पीकरला एकच आवाज) लावा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, एका जागी ठाम हवा. नसेल तर अ‍ॅम्प बंद करून एकाच स्पीकरची टोकं उलटी करा आणि पुन्हा ऐका. जिकडे बेस भरतो आणि आवाज गोळा होतो ती बाजू बरोबर. खर्च शून्य. फोटोखालच्या उत्तरांत हे कुणी लिहिलं होतं? शोधून दाखवा.

बरं, केबलबद्दल न्याय करतो. वायर अगदी बारीक आणि लांबलचक असेल तर फरक पडतो, मान्य. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५ मीटर टाकली तर जाऊन-येऊन रोध येतो ०.०७ ओहमच्या आसपास. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो किती? विषय संपला. शुद्ध तांबं आहे ना, तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम तर नाही ना, एवढं बघा आणि टोकं घट्ट बसवा.

अ‍ॅम्पबद्दलही तेच. स्पीकरच्या कागदावर संवेदनशीलता लिहिलेली असते, समजा ८७ डेसिबल. म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८७. १० वॅटला ९७, १०० वॅटला १०७. ३ डेसिबल वाढवायला शक्ती दुप्पट लागते, आणि ३ डेसिबल कानाला 'थोडं वाढलं' इतकंच वाटतं. रोजचं ऐकणं एक-दोन वॅटमध्ये भागतं. उरलेली शक्ती लागते ती अचानक येणाऱ्या ठोक्यांसाठी. तिथे अ‍ॅम्प कमी पडला की लाटेचे माथे छाटले जातात, आवाज करकरतो, आणि फार ताणलं तर ट्वीटर जळतो. तेव्हा ताकद थोडी जास्त असलेली बरी. पण वॅट आरएमएस किंवा सतत मिळणारे असायला हवेत, तेही किती ओहमला ते लिहिलेले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत पीएमपीओ (क्षणभराच्या शक्तीचा फुगवलेला आकडा) छापलंय? ते मोजायचं कोणतंही मान्य प्रमाण नाही. तो आकडा वाचूही नका.

आता थोडा शांत झालोय. त्या गृहस्थांचा तरी काय दोष? घरात माणसं राहतात, कपाट हलत नाही, दारापुढे स्पीकर ठेवता येत नाही. दुकानात त्यांना कुणी खोलीचं माप विचारलं नसणार. मोठे स्पीकर म्हणजे चांगला आवाज, असंच सगळे मानतात. खरं तर लहान खोलीत मोठा टॉवर ही पीडाच असते. ५ किंवा ६ इंची वूफरचे छोटे स्पीकर चांगल्या स्टँडवर ठेवले तर तिथे जास्त सुरेल वाजतात, आणि पुढे हवा तर सब (फक्त बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) जोडता येतो. साधारण ८० हर्ट्झच्या खालचं सबला द्यायचं, वरचं स्पीकरला. सबची जागा शोधायची सोपी रीत: सब तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि जमिनीलगत रांगत फिरा. जिथे बेसचे सगळे स्वर सर्वात सारखे वाटतात तिथे सब ठेवा. घरचे हसतील, हसू द्या.

टॉवर घेऊन झालेच असतील तर त्यांच्या पाठीमागे गोल भोक आहे का बघा. त्यात फोमचं बूच घाला. काही स्पीकरसोबत ते येतं. नसेल तर गुंडाळलेला मोजाही चालतो, फक्त आत पडणार नाही इतका घट्ट. भिंतीजवळचा फुगलेला बेस लगेच आवरतो. समोर जमिनीवर जाड गालिचा टाका. दुसऱ्याला भिंतीवर आरसा धरून सरकवायला सांगा; तुमच्या जागेवरून आरशात ट्वीटर दिसला की तिथून पहिलं परावर्तन येतंय. तिथे पुस्तकांचं कपाट किंवा खनिज लोकरीचा १० सेंटिमीटर जाड पॅनेल लावा. पातळ फोम आणि अंड्यांचे ट्रे बेसचं काहीही वाकडं करू शकत नाहीत, फक्त खोलीचा आवाज कोंदट करतात.

ईक्यूला (ठरावीक स्वर कमी-जास्त करायची सोय) हात लावणं पाप आहे असं मानणारी एक जमात आहे, तिच्यापुढे मी हात टेकलेत. मापनाचा मायक्रोफोन घ्या, रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, कुठला स्वर किती मोठा वाजतो त्याचा आलेख काढा. ४३ हर्ट्झला डोंगर दिसला तर तेवढाच छाटा. खड्डा मात्र भरायला जाऊ नका. तिथे लाटा एकमेकींना मारतायत, जितकी शक्ती ओताल तितकी त्याही मारतील. तिथे जागाच बदलावी लागते. आणि कुठलाही स्वर वाढवलात तर प्रीअ‍ॅम्पची (म्हणजे ईक्यूआधीची एकूण) पातळी तेवढीच खाली घ्या, नाहीतर डिजिटल सिग्नलच फाटतो.

ज्यांच्या घरात यातलं काहीच जमणार नाही त्यांनी हेडफोन घ्यावा, आणि त्यात कमीपणा नाही. खोली हा प्रश्नच मिटतो. पण 'सगळ्यात चांगला हेडफोन कोणता' हे विचारू नका. शेजारी कुणी झोपतं का? बाहेर गोंगाट आहे का? चष्मा आहे का? उघड्या पाठीचा हेडफोन मोकळा वाजतो, पण आवाज दोन्हीकडे ये-जा करतो. घरात शांतता असेल तरच घ्या. बंद पाठीच्यात सगळा बेस कुशनच्या पकडीवर असतो. चष्म्याच्या काडीने बारीकशी फट राहिली तरी तो गळून जातो. परीक्षा सोपी आहे, वाजत असताना कप हलकेच दाबा. बेस एकदम वाढला तर पकड सुटलेली आहे. कानात घालायच्या इअरफोनला हेच लागू. निम्म्या लोकांची 'बेसच नाही' ही तक्रार रबरी टिपचा आकार बदलला की संपते, आणि दोन कानांना दोन वेगळे आकार लागू शकतात.

कुशन झिजतात हेही कुणी सांगत नाही. चपटी झाली की ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) कानाजवळ येतो, पकड ढिली होते आणि आवाजाचा तोलच बदलतो. लोक हेडफोन जुना झाला म्हणून टाकून देतात. अहो, कुशन बदला!

ओहमचं, म्हणजे हेडफोनच्या रोधाचं, बघून घ्या. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा. जास्त ओहमवाल्याला व्होल्टेज जास्त लागतं, फोनला थेट लावलात तर आवाज पुरेसा चढत नाही. उलट कमी ओहमच्या हेडफोनसाठी अ‍ॅम्पचा स्वतःचा रोध त्याच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. ३२ ओहमला ४ पर्यंत ठीक. खोक्यावरचं '५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ' मात्र सोडून द्या. किती डेसिबलच्या फरकात, हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. त्यापेक्षा आलेख बघा. हारमन या ऑडिओ कंपनीत संशोधक शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी लोकांना ऐकवून पाहिलं, तर बहुतेकांना चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा वाजणारा हेडफोन आवडला. आवडनिवड असते हो, पण वाटते तितकी नाही.

ब्लूटूथला नाकं मुरडू नका. गाणं ऐकताना अचानक आवाज टेलिफोनसारखा झाला तर कोडेकवर (आवाज दाबून पाठवायची पद्धत) खापर फोडण्याआधी कुठल्या अ‍ॅपने माइक उघडलाय ते बघा. माइक चालू झाला की जुनी ब्लूटूथ जोडणी कॉलच्या पद्धतीवर जाते आणि स्टिरिओ संपतो. कॉलला संगणकाचा माइक निवडा.

दुकानात दोन वस्तूंची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. किंचित मोठं वाजणारं नेहमी चांगलं वाटतं, आणि विकणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. तुमच्या कानात मुरलेलं गाणं न्या, त्यांचं चकचकीत नमुना रेकॉर्डिंग नको.

आणि हे सगळं करून आवाज बेताने ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८९ डेसिबलला उरतात ५ तास. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनची पातळी मोजून दाखवायची सोय असते, ती चालू करा.

कमेंटमध्ये 'कोणता घेऊ' एवढंच लिहिलंत तर उत्तर देणार नाही. खोलीची लांबी-रुंदी, खुर्ची कुठे, स्पीकर कुठे, चष्मा आहे की नाही, हे लिहा. मग बोलू.