जंगलाच्या पिक्चरमधे हिरो कोण असावा?

अ‍ॅमेझॉनच्या जंगलावरचे बरेचसे अ‍ॅडव्हेंचर पिक्चर एकाच साच्यातले असतात, बाहेरून एक गोरा माणूस येतो, जंगलात भरकटतो, आदिवासी त्याचा जीव वाचवतात आणि शेवटी जंगल वाचवल्याचं श्रेय मात्र तोच घेऊन जातो. मला हे आता खरंच बघवत नाही. म्हणून सिरो गेरा या कोलंबियन दिग्दर्शकाचा २०१५ चा 'एम्ब्रेस ऑफ द सर्पंट' जो भेटेल त्याला बघायला सांगतोय. ब्लॅक अँड व्हाइट आहे, पण तेवढ्यावरून सोडू नका.

यात हिरो आहे करामाकाते, आपल्या जमातीतला एकटा उरलेला शमन, म्हणजे मांत्रिक-वैद्य. दोन गोरे संशोधक वेगवेगळ्या काळात त्याच्याकडे येतात, दोघांनाही एकच वनस्पती हवी असते, आणि नदीतून त्यांना न्यायचं की नाही, काय खायचं, काय नाही, हे सगळं करामाकाते ठरवतो. त्यातला दुसरा खरं तर युद्धासाठी रबर शोधत असतो, हे कळतं तेव्हा फार चीड येते.

एक प्रसंग डोक्यातून जातच नाही. वस्तीचा प्रमुख पहिल्या संशोधकाचं होकायंत्र ठेवून घेतो तर तो संशोधक चिडतो, म्हणे या लोकांना वारा आणि तारे बघून दिशा कळते, होकायंत्र आलं की ते ज्ञान जाईल. करामाकाते त्याला सुनावतो की शिकण्यापासून तू त्यांना अडवू शकत नाहीस. मला हे शंभर टक्के पटतं. संस्कृती जपायची म्हणजे माणसांना म्युझियममधे ठेवायचं नसतं ना, काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे त्यांनीच ठरवायचं.

रबराच्या मळ्यातला तो एका हाताचा मजूरही आठवतो, चीक सांडलेला बघून मला मारून टाका म्हणून गयावया करणारा. हे पिक्चरसाठी वाढवून दाखवलेलं नाहीये. रबर कमी भरलं म्हणून चाबकाने फोडून काढायचे, उपाशी ठेवायचे, हे रॉजर केसमेंट या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१० मधे अ‍ॅमेझॉनमधल्या पुतुमायो भागात जाऊन नोंदवलंय.

आणि संवर्धन म्हणाल तर ब्राझीलमधल्या शिंगू पार्कचा सॅटेलाइट फोटो बघा, चहूबाजूंनी सोयाबीनची शेतं आणि गुरांची कुरणं, मधे तेवढं हिरवं. १९६१ पासून तो भाग तिथल्या जमातींसाठी राखून ठेवलाय. माणसं हटवून जंगल वाचतं असं म्हणणाऱ्यांनी हा फोटो समोर ठेवून बोलावं.

पिक्चरमधला ख्रिस्ती मिशनवाला भाग मला जरा भडक वाटला, तेवढं सोडलं तर पिक्चर कुठेच ढिला पडत नाही. ज्यांनी बघितलाय त्यांनी होकायंत्राच्या प्रसंगाबद्दल काय वाटलं ते नक्की लिहा.