चार सिलिंडर, गावभर मेकॅनिक

पुण्यात रस्त्याच्या कडेला गाडीचं बोनेट वर करून उभं राहिलं की माणसं जमतात. धक्का मारायला म्हणाल तर त्यातला एकही हाती लागत नाही, पण आजाराचं निदान प्रत्येकाकडे तयार असतं. त्यातून इंजिन मिसिंग मारत असेल, म्हणजे मध्येच एखादा ठोका चुकवत असेल, तर विचारूच नका. टायर पंक्चर झाला तर मतभेदाला जागा नसते. बॅटरी उतरली तर फार तर ‘किती वर्षांची?’ एवढी चौकशी होते. मिसिंगची कारणं मात्र इतकी असतात की जमलेल्या प्रत्येकाला स्वतंत्र मत मिळतं आणि तरी दोन-चार कारणं उरतात.

माझी गाडी २००९ सालची. काटा पावणेदोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलाय. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत खेटे घालून, हरित कर भरून, तिला पुढच्या पाच वर्षांची मंजुरी मिळवून दिली आणि त्याच पावसाळ्यात बाईसाहेबांनी झटके द्यायला सुरुवात केली. सपाटीवर अगदी गुणी. टिळक रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना तर तक्रारीला जागाच नाही. पण कात्रजचा चढ लागला, तिसऱ्यात जरा पेडल दाबलं, की आधी थरथर, मग गचका, मग पुन्हा काही झालंच नाही असा आविर्भाव. मागे वाळूचा ट्रक असताना हा आविर्भाव फार जीवघेणा वाटतो.

गाडी मी चालवते. नवऱ्याकडे लायसन्स आहे. ते तो विमानतळावर ओळखपत्र म्हणून दाखवतो. तरी गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: “साहेब नाही आले?” एकदा नेलं साहेबांना. मेकॅनिकने त्यांना कोपऱ्यात घेऊन सगळं सविस्तर समजावलं, साहेबांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि परत येताना सिग्नलला मला विचारलं, “प्लग म्हणजे तो पेट्रोलच्या टाकीत असतो तोच ना?” त्यानंतर साहेब नेहमी मीटिंगमध्ये असतात असं मी सांगते.

आता थोडं आतलं सांगते, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. सिलिंडर चार. प्रत्येकात हवा-पेट्रोल शिरतं, दाबलं जातं, वरून प्लगची ठिणगी पडते, स्फोट होतो, धूर बाहेर. हे पाळीपाळीने, आणि पाळी बहुतेक चार सिलिंडरवाल्या गाड्यांत एक, तीन, चार, दोन अशी. काटा तीन हजार आरपीएमवर असला की एकेका सिलिंडरात सेकंदाला पंचवीस ठिणग्या पडतात. ढोलपथकात चौघे एका तालात वाजवत असताना एकाने मध्येच टिपरू खाली ठेवून घाम पुसावा, तसं मिसिंगचं असतं. ताल तुटल्याचं सगळ्यांना कळतं, पण गर्दीत नेमका कुणी हात खाली घेतला हे दिसत नाही.

पहिलं निदान वरच्या मजल्यावरच्या काकांचं. काका निवृत्त इंजिनिअर. म्हणजे रस्तेबांधणीतले, पण त्याने त्यांना काही फरक पडत नाही. त्यांनी पार्किंगमध्ये डोळे मिटून इंजिन ऐकलं आणि म्हणाले, “कार्बन.” मग डोळे उघडून म्हणाले, “तू गाडी फार हळू चालवतेस. एक्स्प्रेसवेला ने, लोणावळ्यापर्यंत दामटव, सगळा कार्बन उडून जाईल.” यात अगदीच तथ्य नाही असं नाही, सतत गर्दीत रेंगाळणाऱ्या इंजिनात काजळी धरते. पण मला शंका आहे की काकांना लोणावळ्याची चिक्की हवी होती. आम्ही जाऊन आलो. चिक्की आली, कार्बन तिथेच.

सासूबाईंचं मत वेगळं. त्यांना पेट्रोलचाच संशय. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं हे त्यांनी टीव्हीवर ऐकलेलं, आणि माहेर साताऱ्याकडचं, भावाचा ऊस कारखान्याला जाणारा. “उसाच्या मळीवर कधी गाडी चालते का?” असं त्या एका श्वासात म्हणत आणि दुसऱ्या श्वासात, “आमच्या दादाचाच ऊस असेल हो तुझ्या टाकीत,” असं कौतुकाने सांगत. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या नि सील एवढं इथेनॉल धरून बनवलेले नव्हते, हे खरंच. पण मला एक प्रश्न सतावत होता. इथेनॉल चारही सिलिंडरांना सारखंच वाढलं जातं, मग एकट्यालाच का बाधावं? हे मी सासूबाईंना विचारलं नाही. घरात राहायचंय.

मग दीर आला. तो हिंजवडीला आयटीत, त्यामुळे त्याने कानाने ऐकण्याच्या भानगडीतच न पडता ऑनलाइन एक छोटी डबी मागवली. ती स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटात खुपसायची, ब्लूटूथने फोनला जोडायची, की गाडी स्वतःच स्वतःचा आजार सांगते. मला हे फार आवडलं. निदान एक तरी तज्ज्ञ असा निघाला की ज्याला चिक्की नको होती.

“वहिनी, आला कोड! पी ०३००.”

“म्हणजे?”

“म्हणजे मिसफायर होतंय.”

“ते मला माहितीय रे. कुठल्या सिलिंडरात?”

“तेच. ०३०१ आला असता तर पहिला, ०३०२ आला असता तर दुसरा. ०३०० म्हणजे… कुठल्याही.”

आणि त्याहून कहर पुढे. गाडीच्या कॉम्प्युटरला मिसफायर कळतो कसा, तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, किती समान गतीने फिरतोय त्यावरून. एक स्फोट चुकला की शाफ्ट किंचित मंदावतो, सेन्सर ते टिपतो. पण गाडी खड्ड्यात आपटली की चाकातून आलेला धक्काही त्याच शाफ्टपर्यंत पोचतो, आणि साध्या कॉम्प्युटरला दोन्ही सारखेच वाटतात. काही गाड्यांत म्हणूनच खराब रस्ता ओळखायची वेगळी सोय असते. माझ्या गाडीत ती नसावी, कारण ज्या दिवशी आम्ही ड्रेनेजसाठी खणलेल्या रस्त्याने घरी आलो त्या दिवशी डबीच्या म्हणण्याप्रमाणे चारही सिलिंडर निकामी होते. थोडक्यात, कॉम्प्युटर इंजिनाची तक्रार करत होता की महापालिकेची, हे ठरवायला तज्ज्ञ लागणार होता. दीर म्हणाला, “डेटा नॉइझी आहे.” मी म्हटलं, रस्ताही.

गॅरेजांबद्दल तर काय बोलावं. मेकॅनिकसमोर गाडी कधीही मिसिंग मारत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच असेल. दातदुखी डॉक्टरच्या जिन्यात थांबते म्हणतात, इथे तर ती दोन चौक आधीच थांबायची. मेकॅनिक गल्लीतून एक गोल चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, “ताई, मक्खन आहे गाडी.” अहो, मक्खन सपाटीला आहे, कात्रजला चला माझ्याबरोबर! पण भर दुपारी कात्रजला यायला वेळ कुणाला?

तरी काहीतरी बदलल्याशिवाय बिल कसं करणार. एकाने प्लग नवे टाकले. एकाने सिलिंडरांसाठी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले. एकाने फ्युएल फिल्टर बदलला आणि जुना माझ्यापुढे धरून, “बघा, काय काळं पाणी,” असं अशा सुरात म्हणाला की मलाच लाज वाटली. चौथा सरळ म्हणाला, “कॉम्प्रेशन गेलं असेल, हेड खोलायला लागेल,” म्हणजे इंजिनाचा वरचा भागच उघडायचा, आणि त्याच्या खर्चाचा आकडा सांगताना त्याने गाडीकडे नाही, माझ्या बांगड्यांकडे पाहिलं. तिथून मी निघाले.

पण खरा चकवा पुढे. यातल्या प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी बरी झाली! प्लग टाकले, झटके बंद. आठ-पंधरा दिवस कात्रज चढतेय आपली, आणि एका संध्याकाळी पुन्हा गचका. इंजेक्टर साफ केले, पुन्हा तेच. फिल्टर, तेच. प्रत्येक मेकॅनिक छातीवर हात ठेवून सांगणार की माझ्या हातून गेली तेव्हा ठणठणीत होती, आणि ते खोटंही नाही. काका म्हणाले, “नजर लागते गाड्यांना.” इंजिनिअर माणूस!

शेवटी दत्तवाडीच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमधले म्हातारे मिस्त्री कुणीतरी सुचवले. शेडमध्ये स्कॅनर नाही, एसी वेटिंग रूम नाही, पाण्याचा एक माठ आणि एक पाय तुटलेली खुर्ची. मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो ‘साहेब कुठेत’ नव्हता. “चढाला करते का सपाटीला? गार इंजिन की गरम?” मी सांगितलं: चढाला, गरम झाल्यावर. त्यांनी मान हलवली आणि इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा सॉकेट काढून बघायला सुरुवात केली. पहिला काढला, इंजिन लगेच लडखडलं. म्हणजे तो सिलिंडर कामाचा होता. लावला. तिसरा, चौथा तसेच. दुसरा काढला तेव्हा फरक अगदीच किरकोळ. “दोन नंबर,” म्हणाले, आणि इंजिन बंद केलं. दिराच्या डबीने जे सांगितलं नाही ते बोटांनी चार मिनिटांत सांगितलं.

मग दहाचा पाना घेऊन त्यांनी दुसऱ्या सिलिंडरवरच्या, प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या कॉईलचा बोल्ट सोडवला आणि कॉईल हळूच वर ओढली. लांब नळीसारखी असते ती, खाली रबराचं बूच, ते खोल भोकात जाऊन प्लगच्या डोक्यावर बसतं. रबर वर आलं ते चकचकीत, तपकिरी तेलाने माखलेलं. शेजारी त्यांचा पोऱ्या उभा होता. त्याने सवयीने खिशातून फडकं काढलं आणि पुसायला हात पुढे केला.

मिस्त्रींनी त्याच्या हातावर हलकेच पाना मारला. “पुसायचं नाय. आधी बघायचं.”

आणि तिथे सगळा उलगडा झाला. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, त्याच्याखाली प्लगच्या भोकाभोवती रबरी सील असतात. इतकी वर्षं, इतके किलोमीटर आणि इंजिनाची धग खाऊन ते पापडासारखे कडक होतात आणि मग वरचं इंजिन ऑइल हळूहळू भोकात पाझरतं. त्या तेलाने कॉईलचं रबर फुगतं, मऊ पडतं, त्याला बारीक चिरा जातात. सपाटीला चालून जातं. चढावर पेडल दाबलं की सिलिंडरातला दाब वाढतो, ठिणगीला प्लगची फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि हजारो व्होल्टची ती वीज म्हणते, कशाला एवढा त्रास, ही बाजूची चीर आहेच की. ती तिथून इंजिनाच्या धातूत अर्थ होते. प्लगला ठिणगी नाही, सिलिंडरला स्फोट नाही, ट्रकवाल्याला दम नाही.

“पण मग प्लग बदलल्यावर बरी कशी झाली? फिल्टर बदलल्यावर?”

मिस्त्री हसले. “प्लग बदलायला कॉईल काढली ना? काढली म्हणजे पुसली. इंजेक्टरवाल्यानंबी काढून बघितली असणार. फिल्टरवाल्यानं तर आधी प्लग चेक केलेच असणार. तेल पुसलं, पंधरा दिवस गाडी चालली. तेल परत भरलं, परत मिसिंग.” मग पोऱ्याकडे वळून, “तुझं फडकं हुशार निघालं बघ. एवढी बिलं झाली आणि काम सगळं त्यानं केलं.”

मी आतापर्यंतची सगळी बिलं मनात आठवली. त्यात ‘फडकं मारणे’ असा मजकूर कुठेच नव्हता. जुनी गाडी म्हटल्यावर थोडं तेल असायचंच, असं म्हणून प्रत्येकाने निगुतीने पुरावा पुसला आणि मग संशयिताच्या शोधात बाकीचं घर पालथं घातलं. एरवी स्वच्छतेची मला काही तक्रार नाही.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग, प्लगच्या भोकांचे सील आणि कॉईलची चार रबरं नाना पेठेत मिळाली. दुकानदाराने सामान काउंटरवर ठेवत विचारलं, “साहेबांना माहितीय ना कुठलं पॅकिंग?” मी म्हटलं, साहेबांनीच पाठवलंय. मजुरी धरून सगळं मिळून लागले ते हेड खोलू म्हणणाऱ्याच्या आकड्यापुढे चहापाण्याचे पैसे होते. मिस्त्रींनी निघताना एकच सांगितलं: दोन महिन्यांनी येऊन एकदा कॉईल काढून दाखवायची, आणि तोवर कुणाला पुसू द्यायची नाही.

घरी बातमी सांगितली. सासूबाई म्हणाल्या, “इथेनॉलनेच सील गेले असतील,” आणि याचं खात्रीशीर उत्तर माझ्याकडे नव्हतं. दिराने डबी लावली, एकही कोड आला नाही, आणि तो जरा खट्टू झाला. काका म्हणाले, “तेल जळून कार्बनच होतो शेवटी,” आणि खात्री करायला स्वतःच माझ्याबरोबर कात्रजला निघाले. चढ लागला. मी तिसऱ्यात पेडल दाबलं. गाडी सरळ वर. काका कान देऊन बसलेले, चेहरा उतरत चाललेला. जुना बोगदा जवळ आला तेव्हा ते एकदम ताठ झाले.

“थांब. हा घरघर आवाज कसला?”

“सीटखाली पाण्याची बाटली घरंगळतेय, काका.”

“छे. बेअरिंग,” काका म्हणाले, आणि लोणावळ्यानंतर पहिल्यांदाच ऐसपैस मागे टेकून बसले.