जमीन आपल्याला वर ढकलते आहे

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन. यंदा दहावीला आहे. "मामा, एका व्हिडिओत सांगतायत की गुरुत्वाकर्षण हे बलच नाही, न्यूटन चुकला. आणि आमच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण. मग पेपरात काय लिहू?"

पेपरात बल लिही, असं सांगून मी फोन ठेवला. पण झोप येईना. वीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय, आणि हाच विषय निघाला की मी मुलांसमोर एक चित्र उभं करत आलोय, जे आता मला नीटसं पटत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

ते चित्र तुम्हीही पाहिलं असेल. ताणलेली चादर, मधे जड गोळा, त्याभोवती गरागरा फिरणारी गोटी. "बघा, सूर्यामुळे अवकाश असं वाकतं." मीही वर्गात चौघांना चादरीची टोकं धरायला लावून हे दाखवलंय. एकदा मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "सर, पण गोटी त्या खड्ड्यात घरंगळते ती पृथ्वी तिला खाली ओढते म्हणूनच ना?" तिचं शंभर टक्के बरोबर होतं. गुरुत्वाकर्षण समजावायला मी गुरुत्वाकर्षणच वापरत होतो. आणि त्या चादरीत काळ कुठेच नव्हता. आपल्या रोजच्या पडण्या-धडपडण्यात तर खरी गोष्ट काळाचीच आहे.

आता मी सुरुवात मोबाईलपासून करतो. जवळपास प्रत्येक फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारा सेन्सर असतो. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप घ्या आणि गुरुत्वासकट त्वरण दाखवणारा पर्याय उघडा. फोन टेबलावर ठेवलात की आकडा ९.८ च्या आसपास स्थिर राहतो. आता तो गादीवर पडेल असा हातातून सोडा. एक मीटर पडायला अर्धा सेकंदही लागत नाही, पण तेवढ्या वेळात आलेख सरळ शून्याजवळ येतो.

यावर जरा थांबून विचार करा. जो फोन पडतोय, ज्याला पृथ्वी "ओढतेय", त्याला काहीच जाणवत नाही. आणि जो टेबलावर निवांत पडून आहे, त्याला ९.८ चं त्वरण आहे, तेही वरच्या दिशेने. १९०७ साली बर्नच्या पेटंट ऑफिसात बसलेल्या आइन्स्टाइनला हेच सुचलं होतं, की पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही. हा आपल्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा विचार, असं त्याने पुढे म्हटलं. अंतराळ स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथेही पृथ्वीचं गुरुत्व जमिनीवरच्या ९० टक्क्यांच्या आसपास असतं. तरी अंतराळवीर तरंगतात, कारण ते सतत पडत असतात.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. चुंबक लोखंडाला ओढतो, लाकडाला नाही. गुरुत्व मात्र असा भेद करत नाही. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही बरोबरच खाली पोचली. वस्तू कोणतीही असो, त्वरण सारखंच, अशी आणखी कुठली बलं आपल्याला माहीत आहेत? एसटी घाटात वळते तेव्हा आपल्याला बाहेर फेकणारं "बल". जाड्या-बारक्या सगळ्यांना ते सारखंच त्वरण देतं. पण तिथे आपल्याला कोणी ढकलत नसतं. आपण सरळ जाऊ पाहतो आणि बस वळते, एवढंच. आइन्स्टाइनचं म्हणणं असं की वजनही त्याच जातीचं आहे.

इथे हुशार मुलं अडवतात, आणि त्यांनी अडवायलाच हवं. "सर, जमीन इथेही वर ढकलतेय आणि पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलाही. म्हणजे दोन्हीकडची जमीन एकमेकींपासून दूर जायला हवी. मग पृथ्वी फुगत का नाही?"

याचं उत्तर द्यायला मी आता चादर काढत नाही, पृथ्वीगोल काढतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून एक गाडी ठीक पूर्वेला निघाली. त्याच रेखांशावर, १९ अंश दक्षिणेवरून दुसरी गाडी पूर्वेला निघाली. (जमीन-समुद्राचं सोडून द्या.) दोघी आपापल्या अक्षांशावरून चालल्या तर त्यांच्यातलं अंतर कधीच बदलणार नाही. पण त्यासाठी मुंबईच्या ड्रायव्हरला स्टिअरिंग सतत किंचित डावीकडे, उत्तरेकडे धरावं लागेल, आणि दुसऱ्याला उजवीकडे, दक्षिणेकडे. म्हणजे दोघे सतत एकमेकांपासून दूर वळतायत आणि तरीही अंतर तेवढंच! सपाट कागदावर हे अशक्य आहे, गोलावर अगदी सहज घडतं. आणि स्टिअरिंग सरळ ठेवलं तर? दोघी गाड्या विषुववृत्ताकडे झुकत जातील आणि एकमेकींना भेटतील. त्यांना एकत्र ओढणारं कुणी नसतानाही.

जमिनीवर उभं राहणं म्हणजे ते सतत धरलेलं स्टिअरिंग. पडणं म्हणजे ते सरळ सोडून देणं. फरक एवढाच की आपला गोल नुसत्या अवकाशाचा नाही, अवकाश आणि काळ मिळून झालेला आहे.

हा काळ वाकतो म्हणजे नेमकं काय होतं? कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, एक अचूक घड्याळ ठेवा आणि दुसरं समुद्रकाठी. वरचं घड्याळ वर्षाला साधारण साडेपाच मायक्रोसेकंद पुढे जाईल. घड्याळात काही बिघाड नसतो, तिथे काळच तेवढा जास्त जातो. जीपीएसच्या उपग्रहांवर हा परिणाम इतका मोठा असतो की वेग आणि उंची दोन्हींचा हिशोब करून त्यांची घड्याळं दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ते दुरुस्त केलं नाही तर नकाशातली चूक रोज दहाएक किलोमीटरनं वाढत जाईल.

आता चेंडू वर फेका. मोकळी वस्तू अशी वाट धरते की तिच्या स्वतःच्या घड्याळात जास्तीत जास्त वेळ जावा. वर काळ भरभर जातो, म्हणून वर जाण्यात फायदा. पण फार वर जायचं तर वेग वाढवावा लागतो, आणि वेगाने घड्याळ मंदावतं. या दोन्हींचा मेळ बसतो ती वाट म्हणजे आपण शाळेत काढतो तो पॅराबोला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही मिटून कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

मग ही वक्रता दिसत का नाही? दोन सेकंदांत परत हातात येणारा चेंडू पाचएक मीटर वर जातो. पण एक सेकंद म्हणजे अवकाश-काळाच्या मापात तीन लाख किलोमीटर. सहा लाख किलोमीटरच्या वाटेत पाच मीटरचा बाक, तो काय दिसणार?

चादरीतलं वाकलेलं अवकाश खोटं नाही, पण त्याचा ठसा वेगवान गोष्टींवर पडतो. सूर्याला घासून येणारा प्रकाश नुसत्या काळाच्या वक्रतेने ०.८७ विकला (एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग) वळला असता. अवकाशाची वक्रता धरली की दुप्पट, १.७५ विकला. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात प्रिन्सिपी बेटावर आणि ब्राझीलमधल्या सोब्रालला सूर्याजवळ दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जागा मोजल्या गेल्या, आणि कौल दुप्पट आकड्याच्या बाजूने लागला.

आता त्या व्हिडिओबद्दल. "न्यूटन चुकला" हा सूर मला मनापासून खटकतो. मधे काहीही नसताना एका वस्तूने दुसरीला दुरून ओढावं, ही कल्पना खुद्द न्यूटनलाच हास्यास्पद वाटत होती. १६९३ च्या एका पत्रात त्याने ते स्वच्छ लिहिलंय. त्याने हिशोब दिला आणि कारण मोकळं सोडलं. तो हिशोब इतका पक्का की २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेही मुख्यतः त्याच्याच गणितावर. फट होती ती बुधाच्या कक्षेत, शंभर वर्षांत ४३ विकलांची. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने १८५९ मध्ये ती दाखवल्यावर लोक सूर्याजवळ एक नवा ग्रहच शोधत बसले. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून ते ४३ आपसूक बाहेर पडले.

मला विचाराल तर बल हा हिशोब आहे आणि वक्रता हे कारण. दहावीला हिशोबच शिकवावा, पण दाराला कडी लावू नये. "गुरुत्वाकर्षण" या शब्दातच "आकर्षण" बसलंय, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांना ओढणं सोडून दुसरं काही सुचतच नाही. धड्याच्या शेवटी मोबाईलचा प्रयोग आणि पृथ्वीगोलावरच्या त्या दोन गाड्या, एवढं तरी शिक्षकांनी करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कारण हे आता आपल्या दाराशी आलंय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही अवकाश-काळातल्या लाटा, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २६०० कोटींची मंजुरी दिली. अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत अवकाश-काळाची लाट पहिल्यांदा पकडली. असे क्षीण संकेत गोंगाटातून वेचून काढायचं गणित पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं आधीपासून करत होते. न्यूटनचं बल क्षणात पोचतं, त्यात अशा लाटेला जागाच नाही. हिंगोली-परभणीची मुलं उद्या तिथे काम करणार असतील, तर त्यांना वक्रतेची ओळख मराठीतच आणि नीट व्हायला हवी.

काल भाचीला गादीवरचा प्रयोग करायला सांगितला. रात्री तिने स्क्रीनशॉट पाठवला. आधी ९.८ ची सपाट रेघ, मग शून्याजवळचा खड्डा, आणि मग एकदम उंच सुळका. खाली लिहिलं होतं, "मामा, पडताना काहीच नाही, पण गादीला लागल्यावर केवढं वर गेलं. म्हणजे गादीने ढकललं?"

हो, म्हटलं. गादीने.