उपाशी सून आणि रुंद टीव्ही

रडायच्या सीनला हसलो म्हणून शहापूरच्या आत्तीनं काल मला भर पाहुण्यांत उठवून आत मटार सोलायला बसवलं. मी सुनेला हसलोच नव्हतो. पण ऐकतंय कोण!

1991 च्या 'माहेरची साडी'नं थिएटरं भिजवली हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून कोल्हापुरात असे अश्रूपट निघत होते, आणि त्यांतले न चाललेले आता दुपारी टीव्हीवर चालतात. कालचा त्यांतलाच, कृष्णधवल. सासूनं सुनेला उपाशी कोंडलेली. सून भिंतीला टेकून म्हणते, "माझ्यात आता त्राण नाही," आणि गाल बघावेत तर गणपतीच्या मोदकासारखे.

दोष नटीचा नव्हे. चित्राची रुंदी-उंची 4:3, टीव्हीची 16:9. रिमोटवर 'फुल' करून ठेवलं की प्रत्येक माणूस एक तृतीयांश रुंद होतो. सून, सासू, सुनेचं क्षयी बाळ, सगळे. पिक्चर साइझमध्ये जाऊन 4:3 केलं की झालं. मी केलं.

"काय करालास रे?"

"ताणलेलं सरळ करालोय, आत्ती."

"दोन्ही बाजूला काळं काय घातलास? पूर्ण टीव्हीचे पैसे दिलोय आम्ही!"

"तिथं चित्र नाहीच आहे."

"आता होतं की! आणि ही बघ, वाळली की रे पोर."

"उपाशी आहे ती."

"म्हणून काय झालं? खात्यापित्या घरची दिसू दे की. माहेरची लाज नको काय राहायला?"

पाहुण्या वैनींनी मान डोलावली. सून पुन्हा रुंद झाली आणि लगेच उपासमारीनं कोसळली. इथं मी हसलो.

बरं, त्या रडण्यातही खोट आहेच. गालावरून सावकाश सरकणारा टपोरा थेंब ग्लिसरीनचा. पाणी लाइटच्या उष्णतेनं लगेच सुकतं, ग्लिसरीन घट्ट, ते टिकतं. डोळ्यात गेलं तर झोंबतं, मग खरंही पाणी येतं. हुंदके मात्र नंतर स्टुडिओत डब केलेले, म्हणून अंगणात रडणारी बाई माठात तोंड घातल्यागत घुमते. त्यात चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा आणि आपल्याकडच्या जुन्या व्हिडिओ टेपा 25 च्या, म्हणून सगळं जरा पळतं. दीडशे मिनिटांचं दुःख 144 मिनिटांत उरकतं आणि आवाज जवळपास अर्धा स्वर चढतो. सासू आणखी किरकिरी लागते ती त्यामुळं. उषःकालाचं गाणं तर कुणीतरी मागं लागल्यासारखं.

वर उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की आत्ती म्हणते, "डास." तो रीळ संपत आल्याचा ऑपरेटरसाठीचा इशारा. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा दिसला की बदली. रिळाची तोंडं आणि शेपट्याच जास्त झिजतात, कारण हात तिथंच लागतो. तुटली फिल्म की दोन-चार फ्रेम कापून फिल्म-सिमेंट नावाच्या डिंकानं जोडायची. असं गावोगाव फिरून आलेली प्रिंट टेपवर घेतलेली, म्हणून "आई, मी निर्दो—" एवढ्यावर पोरगी थेट विहिरीकाठी.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली निघालं. तोवर कितीतरी फिल्म कुजून गेली होती, आणि 2003 च्या आगीत तर प्रभात फिल्म कंपनीच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. तिथं या न चाललेल्यांना कोण विचारतो? त्यांची जी एखादी पिवळट कॉपी उरते, तिच्यावर चॅनेलवाले आपलं चिन्ह चिकटवणार, तेही नेमकं तोंडावर. सासूनं केला नसेल एवढा छळ हे करतात. त्याबद्दल मात्र कुणाच्या डोळ्याला पाणी नाही.

शेवटचं रीळ नव्हतंच. विहिरीकाठी पाय उचलला आणि थेट साबणाची जाहिरात. मग बाहेर भांडण लागलं. आत्ती म्हणे, सून मरते, लहानपणी टॉकीजमध्ये बघितलोय आम्ही. वैनी म्हणे, छे, नवरा धावत येतो, निपाणीत आम्हीही बघितलोय. शेवटी आतून मला हाक.

"ए शहाण्या, ये हिकडं. मरते की न्हाई, मोबाईलवर बघ बघू."