स्टिअरिंगचा रॅक बदलण्याआधी : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

गाडी हौसेने चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच काळ हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : खर्च वाचवण्यासाठी कंपन्या साध्या गाड्यांना मुद्दाम संथ स्टिअरिंग देतात, लहान व्यासाचे स्टिअरिंग व्हील आणि कमी गुणोत्तराचा रॅक (व्हील फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकून पुढची चाके वळवणारा दातेरी दांडा), म्हणजे ज्याला सर्रास ‘क्विक रॅक’ म्हणतात तो, बसवला की गाडी हाताच्या इशाऱ्यावर वळू लागते, स्टिअरिंग जितके जड तितका रस्ता हाताला अधिक कळतो, म्हणून पॉवर स्टिअरिंग काढूनच टाकावे, आणि एवढे केले की समोर अचानक काही आडवे आले तरी ते सहज चुकवता येते. यातले प्रत्येक विधान कुठल्या ना कुठल्या खऱ्या गोष्टीला चिकटलेले आहे, म्हणूनच ते चटकन पटते. पण ज्या यंत्रणेवर गाडीतल्या सर्वांचा जीव अवलंबून असतो, तिच्याबाबत अर्धवट खरी माहिती पसरणे मला धोक्याचे वाटते. त्यामुळे ही विधाने एकेक करून तपासली पाहिजेत.

खर्चाच्या आरोपापासून सुरुवात करू. स्टिअरिंगचे गुणोत्तर 16 आहे याचा अर्थ असा, की हातातले व्हील 16 अंश फिरवले तर पुढचे चाक 1 अंश वळते. आजच्या बहुतेक साध्या गाड्यांचे गुणोत्तर 14 ते 18 यांच्या दरम्यान असते, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हील अडीच ते साडेतीन फेरे फिरते. हे गुणोत्तर मुख्यतः पिनियनच्या (रॅकला सरकवणाऱ्या दातेरी चाकाच्या) आकारावर, म्हणजे पिनियनच्या एका फेऱ्यात रॅक किती मिलिमीटर सरकतो यावर, आणि चाकाजवळच्या स्टिअरिंग आर्मच्या (ज्याला ढकलून चाक वळवले जाते त्या भुजेच्या) लांबीवर ठरते. पिनियन थोडा मोठा घेतल्याने कारखान्याचा खर्च काही लक्षात येण्याइतका वाढत नाही. आकडा ठरतो तो हाताला पडणाऱ्या जोरावरून आणि गाडीच्या वेगावरून. पॉवर स्टिअरिंग येण्यापूर्वी मोठ्या गाड्यांचे स्टिअरिंग चार-पाच फेऱ्यांचे असे, कारण त्याशिवाय उभ्या गाडीची चाके वळवणे माणसाच्या ताकदीबाहेरचे होते. 1951 मध्ये क्रायस्लर इम्पिरियल या मोटारीतून हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग पहिल्यांदा सामान्य विक्रीत आले आणि त्यानंतर हे गुणोत्तर कमी करण्याची वाट मोकळी झाली.

तरीही ते एका मर्यादेखाली सहसा नेले जात नाही, आणि त्याचे कारण वेग हे आहे. साधारण 2.6 मीटर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) असलेली आणि बहुतेक गाड्यांप्रमाणे किंचित अंडरस्टिअर असलेली, म्हणजे वेगात चाकांच्या कोनापेक्षा थोडी कमी वळणारी, गाडी धरून गणित केले, तर 16 गुणोत्तराला व्हील 10 अंश वळवल्यावर ताशी 50 किलोमीटरला जेवढा बाजूचा प्रवेग निर्माण होतो, त्याच्या दुपटीहून अधिक ताशी 100 किलोमीटरला होतो. हात तेवढाच हलला तरी परिणाम दुप्पट होतो. आता गुणोत्तर 16 वरून 12 वर आणले, तर प्रत्येक वेगाला हा परिणाम आणखी एक तृतीयांशाने वाढतो. महामार्गावर शिंक आली, मागे वळून मुलाकडे पाहिले, बाजूने ट्रक गेला आणि वाऱ्याचा झोत बसला, की हात चार-पाच अंश हलतोच. संथ गुणोत्तर ही चूक पोटात घालते. सिट्रोएन कंपनीने 1970 मध्ये एसएम ही गाडी अवघ्या दोन फेऱ्यांच्या स्टिअरिंगसह बाजारात आणली, तेव्हा वेग वाढेल तसे व्हील अधिकाधिक घट्ट करणारी आणि हात सैल सोडताच ते आपोआप मध्यावर आणणारी हायड्रॉलिक यंत्रणा तिला सोबत द्यावी लागली. 2003 मध्ये बीएमडब्ल्यूने 5 सीरीजमध्ये दिलेले अ‍ॅक्टिव्ह स्टिअरिंग तर कमी वेगाला जलद आणि जास्त वेगाला संथ असे गुणोत्तर स्वतःच बदलते. जलद स्टिअरिंग देण्याची इच्छा आणि ऐपत असलेल्या निर्मात्यांनीही ते नुसते दात बदलून दिलेले नाही, ही बाब हा सल्ला पसरवणाऱ्यांनी लक्षात घेतलेली दिसत नाही.

लहान व्हीलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 38 सेंटिमीटरचे व्हील काढून 33 सेंटिमीटरचे लावले, तर गुणोत्तर आहे तेवढेच राहते. हाताला कापावे लागणारे अंतर सुमारे 13 टक्के घटते आणि लागणारा जोर सुमारे 15 टक्के वाढतो, एवढाच काय तो बदल. मात्र त्या बदल्यात जे जाते ते फार मोठे आहे, कारण मूळ व्हीलमध्ये चालकाची एअरबॅग असते आणि बाजारात मिळणाऱ्या खेळाच्या व्हीलमध्ये ती जवळजवळ कधीच नसते. एअरबॅगच्या ठिकाणी एक रोधक (रेझिस्टर) जोडून डॅशबोर्डवरचा दिवा विझवतात. दिवा विझला म्हणून छाती आणि व्हील यांच्यामध्ये काही उरले आहे असे होत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. क्विक रॅकने गाडीचा ‘प्रतिसाद’ जलद होतो, असे सांगताना दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात : हाताच्या एका अंशाला गाडी किती वळते ही एक, आणि हात हलल्यानंतर ती किती वेळाने वळते ही दुसरी. गुणोत्तर पहिली गोष्ट बदलते. दुसरी गोष्ट रॅकच्या पलीकडे, रबरात आणि वजनात घडते. पुढचे चाक वळले म्हणजे लगेच बाजूचा जोर तयार होतो असे नाही. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग रिमच्या तुलनेत थोडा पिळावा लागतो, आणि तो पीळ पुरता बसण्यासाठी टायरला साधारण अर्धा मीटरभर लोळावे लागते. त्यानंतर गाडीचे नाक वळू लागते, मग मागची चाके गाडीच्या वाटेशी कोन करतात, त्यांच्याही टायरमध्ये पीळ बसतो, आणि मागचा आस बाजूला ढकलू लागल्यावरच संपूर्ण गाडी नव्या दिशेला लागते. हा क्रम रॅकचे दात कितीही बदलले तरी तसाच आणि तेवढ्याच वेळात घडतो. गाडीचा आळस घालवण्यासाठी पैसे खर्च करायचेच असतील, तर चांगल्या आणि ताठ साइडवॉलचे (बाजूच्या भिंतीचे) चार टायर हा पहिला खर्च असावा, आणि त्या चारांतले मागचे दोन टायर पुढच्यांइतकेच महत्त्वाचे मानावेत. स्टिअरिंग सुधारायला मागचे टायर बदला, असे सांगितले की लोक चमकतात, पण वर सांगितलेल्या क्रमाचा शेवटचा टप्पा त्यांच्यावरच अवलंबून असतो.

हातातले व्हील आणि चाक यांच्यामधल्या वाटेवरही बरेच काही हरवते. माझी स्वतःची आठ वर्षे वापरलेली गाडी वळायला सुस्त झाली होती. व्हील हलवल्यावर आधी काहीच होत नसे आणि मग एकदम जास्त होई. मीही क्विक रॅकच्या चौकशीला लागलो होतो. त्याआधी, सुदैवाने, गाडी खालून पाहिली. एकाने इंजिन चालू ठेवून व्हील मध्यापासून दोन बोटे इकडे, दोन बोटे तिकडे असे हलवत राहायचे आणि दुसऱ्याने पिटमध्ये उभे राहून विजेरीच्या उजेडात पाहायचे. टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा) लगेच हलत होता, पण चाक वळण्याऐवजी आधी चाकाला खालून धरणारा अख्खा लोअर आर्मच मागच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर सरकत होता, आणि तिथला बुश (सांध्यातले रबरी अस्तर) एका बाजूने ओठासारखा उघडत-मिटत होता. रबर आतल्या धातूच्या नळीपासून सुटले होते. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, टो (चाकांच्या दिशांमधला कोन) मूळ मापाला आणला, चारही टायरमधली हवा गाडी थंड असताना दाराच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे भरली. गुणोत्तरात एका दाताचाही फरक न होता ती गाडी पुन्हा हाताला लगेच उत्तर देऊ लागली. अशी तपासणी प्रत्येकाने रॅकचा विचार करण्यापूर्वी करावी. पुढचे चाक जॅकवर आणि सुरक्षिततेसाठी स्टँडवर उचलून, घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी धरून हलवल्यास खटखट लागली तर टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा सांधा) किंवा रॅकमधला प्ले, म्हणजे ढिलाई, समजतो. 12 आणि 6 च्या जागी धरून लागली तर बॉल जॉइंट (गोळीचा सांधा) किंवा बेअरिंग पाहावे. प्ले असलेल्या यंत्रणेवर जलद रॅक बसवला, तर तोच प्ले तसाच राहतो आणि तो संपल्यावर येणारा झटका अधिक जोराचा होतो.

‘रॅक काढला, दुसरा लावला, काम झाले’ या विधानावर माझा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. रॅकच्या आतल्या बॉल जॉइंटची जागा लोअर आर्मच्या बिजागरीशी जुळवलेली असते. ती काही मिलिमीटरने जरी वरखाली झाली, तरी खड्ड्यातून जाताना चाक वर उचलले की ते आपणहून वळते आणि गाडी खडबडीत रस्त्यावर भरकटते. स्टिअरिंग आर्म आखूड करून गुणोत्तर कमी करण्याचा जुना मार्गही आहे, पण त्याने वळणात आतल्या आणि बाहेरच्या चाकांच्या कोनांमधले नाते बिघडू शकते. शिवाय मोठ्या पिनियनमुळे चाके वळवायला लागणारा जोर एक तृतीयांशापर्यंत वाढतो, आणि तो भार पॉवर स्टिअरिंगवर येतो. हायड्रॉलिक यंत्रणेत हाताच्या त्याच गतीला अधिक तेल सिलिंडरमध्ये जावे लागते. इंजिन मंद फिरत असताना व्हील झटक्यात फिरवले, तर पंप तेवढे तेल देऊ शकत नाही आणि व्हील ऐन वेळी क्षणभर घट्ट होते. कॉलमवर (व्हीलपासून रॅककडे जाणाऱ्या दांड्यावर) मोटर असलेल्या विजेच्या स्टिअरिंगमध्ये तीच अडचण मोटरच्या ताकदीच्या रूपाने येते.

याहून दडलेला धोका इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रणाचा आहे. ही यंत्रणा व्हील किती फिरवले हे कॉलमवरच्या सेन्सरकडून घेते, त्यावरून गाडी किती वळायला हवी याचा अंदाज बांधते, आणि प्रत्यक्षात गाडी किती वळते आहे याच्याशी तो ताडून पाहते. हा अंदाज मूळ गुणोत्तरावर बेतलेला असतो. 16 च्या जागी 12 चा रॅक आल्यावर चालकाने व्हील 30 अंश फिरवले, तर संगणकाच्या हिशेबी चाक 1.9 अंशांच्या आसपास वळलेले असते आणि खरे चाक 2.5 अंश वळलेले असते. गाडी चालकाच्या इच्छेपेक्षा जास्त वळते आहे, म्हणजे तिची शेपटी घसरते आहे, असा निष्कर्ष संगणक त्यातून काढू शकतो. मग तो वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करू पाहतो. सावकाश वळणात हा फरक यंत्रणेच्या उंबरठ्याखाली राहील, पण अडथळा चुकवताना जोरात वळवण्याच्या क्षणीच तो उंबरठा ओलांडला जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. रॅक बदलल्यावर सेन्सर ‘शून्यावर आणून’ घेतला म्हणजे प्रश्न सुटतो, असे सांगितले जाते, पण त्याने फक्त मध्य दुरुस्त होतो, गुणोत्तर नाही.

जड स्टिअरिंग म्हणजे जिवंत स्टिअरिंग, हे विधान खोलात न जाताही निकालात काढता येते. रस्त्याची जाणीव हाताला होते ती जोरातल्या बदलामुळे. टायर पकडीच्या मर्यादेजवळ आला की व्हीलला मध्याकडे ओढणारा जोर कमी होऊ लागतो, आणि हात तो फरक ओळखतो. घर्षणाने, कमी हवेने किंवा बंद पाडलेल्या पंपाने वाढलेला जडपणा हा फरक झाकतो. त्यातही पॉवर रॅकचा पंप नुसता काढून टाकणे वाईट, कारण त्यातला टॉर्शन बार, म्हणजे व्हील आणि पिनियन यांना जोडणारी कांब, मदत मागण्यासाठी पिळण्याच्या हेतूनेच बारीक ठेवलेला असतो. मदत नाहीशी झाली की जोर लावताना तो आधी काही अंश पिळतो आणि मग चाक वळते, म्हणजे ज्या ढिलाईपासून सुटका हवी होती तीच पदरात पडते.

राहिला संकटकाळाचा दावा. यात तथ्याचा अंश आहे, तो मी नाकारत नाही : मोठ्या कोनाचे वळण घ्यायचे असेल तर जलद रॅकमुळे हात त्या कोनापर्यंत लवकर पोहोचतात. परंतु टायरचा बाजूचा जोर कोनाबरोबर अमर्याद वाढत नाही. कोरड्या रस्त्यावर साधारण 6 ते 10 अंशांच्या घसरण-कोनाला (चाकाचे तोंड आणि त्याची प्रत्यक्ष वाट यांमधल्या कोनाला) तो शिखर गाठतो, ओल्या रस्त्यावर हे शिखर बरेच खाली येते, आणि त्यापुढे चाक आणखी वळवले तर जोर वाढण्याऐवजी घटतो. घाबरलेला माणूस व्हील मोजून वळवत नाही. जलद रॅकवर त्याच घाबरटपणात पुढची चाके शिखराच्या पलीकडे जातात, गाडी सरळच घसरत राहते, आणि मग पकड परत आल्यावर वळलेली चाके तिला एकदम दुसऱ्या बाजूला फेकतात.

जिथे जलद रॅक खरोखर उपयोगी पडतो त्या जागा ठरलेल्या आहेत. शंकूंमधून कमी वेगाने नागमोडी जाण्याच्या स्पर्धा, रॅलीतली केसाच्या पिनेसारखी वळणे आणि ड्रिफ्टिंग यांत हात व्हीलवरून न उचलता पूर्ण वळण घेता येणे हा मोठा फायदा असतो, आणि तिथे चालक सरावलेला, रस्ता बंद आणि गाडी त्याच कामासाठी पुन्हा बांधलेली असते. तशी गाडी रोजच्या रस्त्यावरही चालवायची असेल, तर रॅकबरोबर टाय रॉडची उंची मोजून जुळवणे, पंप किंवा मोटर पुरेशी आहे हे उभ्या गाडीत व्हील झपाट्याने फिरवून पाहणे, आणि स्थैर्य नियंत्रणाला नवे गुणोत्तर शिकवता येते का याचे लेखी उत्तर काम करणाऱ्याकडून रॅक सुटा करण्यापूर्वीच घेणे आवश्यक आहे.