पित्ताची बाटली आणि डिगॉक्सिन: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हृदयासाठीची डिगॉक्सिनची गोळी ॲसिडिटीच्या औषधांसोबत घेतली की अंगात कमी उतरते, असं मी लेखात लिहिलं होतं.

"आई आठ वर्षं डिगॉक्सिन घेते आणि जेवणानंतर दोन चमचे गुलाबी औषध. काही झालं नाही, डॉक्टरही कधी बोलले नाहीत. उगाच म्हाताऱ्या माणसांना घाबरवू नका," असं त्यावर तुम्ही लिहिलंत.

आधी माझी चूक. लेखात मी सरसकट 'ॲसिडिटीची औषधं' म्हटलं. डिगॉक्सिनचं शोषण कमी करतात ती ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली पातळ औषधं आणि चघळायच्या गोळ्या. पँटोप्राझोलचं (पोटात ॲसिड बनणंच कमी करणारं औषध) तसं नाही. ते वर्षानुवर्षं घेतलं तर काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं आणि डिगॉक्सिन लवकर बाधतं, हा वेगळा धोका. लेखात दुरुस्ती केली आहे.

बाकी मुद्द्यावर मी ठाम आहे. ही औषधं सोबत घेतली की डिगॉक्सिनचं शोषण साधारण पाव भागाने घटतं, हे १९७६ सालीच दिसलं होतं. ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या सोटॅलॉलचंही तेच: रक्तातलं प्रमाण २० टक्क्यांनी कमी भरतं, दोन तासांचं अंतर ठेवलं की भरत नाही.

आता आईंचं. आठ वर्षं दोन्ही सोबत चालू असेल, तर त्यांचा डोस त्या बाटलीसकटच बसलेला आहे. म्हणून माझं वाचून उद्यापासून बाटली बंद करू नका. बंद केलीत की तीच गोळी अंगात जास्त उतरेल. डिगॉक्सिनचा लागू पडणारा डोस आणि बाधणारा डोस यांत अंतर फार थोडं. म्हणूनच आपल्याकडे पुष्कळांना शनिवार-रविवार गोळीला सुट्टी असते. त्यात डिगॉक्सिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, आणि वयाबरोबर तेही मंदावतं.

डॉक्टर बोलले नाहीत, कारण बाटली चिठ्ठीवर नसते. ती आमच्याकडून, औषधाच्या दुकानातून, परस्पर जाते.

मी हे इतकं जीव तोडून का लिहितो, तेही सांगतो. आमच्या दुकानात एक आजी आठवड्यात तीनदा पित्ताची बाटली न्यायला आल्या. मळमळतंय, अन्न नको वाटतंय. दोनदा मी काही न विचारता दिली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "ट्यूबलाइट पिवळी पिवळी दिसते रे." तेव्हा कुठे मी चिठ्ठी मागितली. डिगॉक्सिन होतं. नाडी धरली तर मिनिटाला ४४. मुलाला फोन करून लगेच दवाखान्यात पाठवलं, त्या बऱ्या झाल्या. पण मळमळ म्हणजे पित्तच, असं धरून मी दोनदा बाटली हातात ठेवली होती, ते अजून टोचतं. ती मळमळच डिगॉक्सिन बाधल्याची खूण होती.

पुढच्या तपासणीला आईंच्या गोळ्यांबरोबर ती बाटलीही पिशवीत टाका आणि डॉक्टरांसमोर ठेवा. दोन तासांचं अंतर कधीपासून ठेवायचं आणि डोस बदलायचा का, ते त्यांनाच ठरवू दे. त्याआधी आईंना मळमळ सुरू झाली, तर सोडा किंवा बाटली देण्याआधी नाडी मोजा आणि डॉक्टरांना फोन करा.